वडफाट्याची मोजणी

८ नोव्हें., शनि.

मंडळाची कार्यकारिणी. वेळ अकराची, सुरू पावणेबाराला. वाहतूक अभियंत्यांचं मंडळ, आणि उशिराचं कारण दर वेळी तेच: ट्रॅफिक होतं. पाच जण आले. त्यातले दोघे वेफर्स संपल्यावर उठले.

विषय एकच, दिंडोरीच्या रस्त्यावरचा वडफाटा. कुंभाच्या कामांत रस्ता चौपदरी होतोय, मधे दुभाजक. फाट्यापाशी दुभाजकात कट ठेवायचा की सलग बंद करायचा, यावर रस्ते खात्याने आमचं मत मागवलंय. म्हणजे मोजणी करून द्या. कट राहिला तर सिग्नल, झेब्रा, मधे थांबायला उंचवटा. बंद झाला तर पलीकडे जायला दीड किलोमीटर पुढे जाऊन यू-टर्न. गाडीवाल्याला त्याचं काही नाही. वस्ती रस्त्याच्या एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला. ती पोरं काय दीड किलोमीटर चालणार आहेत? दुभाजकावर चढून उड्या मारणार.

अध्यक्ष निकमसाहेब (नि. सा.) म्हणाले, "कट बंदच झालेला बरा. गाड्या सुसाट जातील." मोजायच्या आधीच निकाल! मी म्हटलं, आधी मोजू. नि. सा. हसले. त्यांचं ते हसू मला कधीच आवडलेलं नाही.

निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, कुंभाच्या वाहतूक सल्लागार यादीत तुमचं नाव सुचवलंय. का सुचवलं असेल? शैला म्हणते, "तुम्हाला कोणी पेढा दिला तरी तुम्ही आधी त्याची तारीख बघता." बघतो. बघावीच.

१२ नोव्हें., बुध.

मोजणीची तारीख ठरवली. हे काम सचिवाचं, म्हणजे माझं. दिवस साधा हवा. सोमवार नको, शुक्रवार नको, सुट्टी नको, शाळेची परीक्षा नको, मंत्र्याचा दौरा नको. आणि सध्या मुख्य म्हणजे लग्न नको. फाट्यावर दोन मंगल कार्यालयं आहेत. एक वरात निघाली की सगळे आकडे नासतात.

शैलाकडे पत्रिकांचा गठ्ठा. बावीसला दोन, पंचवीसला एक, तीसला तीन. वीसला एकही नाही. तिने बहिणीला फोन करून विचारलं, तिच्याकडेही वीसचं काही नाही. गुरुवार, २० पक्का. अगदी पुस्तकातला साधा दिवस. स्वतःवर खूश.

मुख्य रस्त्याचे आकडे खात्याकडे आहेतच. आपल्याला फक्त फाट्यावरून आडवी जाणारी वाहनं हवीत, सकाळी आठ ते बारा. बसणार बापू खैरनार. तपासणार मी. मंडळाचा पहिल्यापासून नियम: मोजणारा एक, तपासणारा दुसरा. बाकीच्यांना मोजणी म्हणजे उन्हात बसणं वाटतं.

बापू आणि मी निवृत्तीपर्यंत एकाच खात्यात सत्तावीस वर्षं, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. तो सटाण्याकडचा. एरवी बोलतो आपल्यासारखंच, पण रागावला किंवा खुशीत आला की अहिराणीत शिरतो, आणि मी विलासचा इलास होतो.

२० नोव्हें., गुरु.

दाढ ठणकली ती ठणकलीच. डॉक्टरने आजच काढली. फाट्यावर जाता आलं नाही. बापूला मेसेज केला: एकट्याने सांभाळ. उत्तर आलं: "बरं." नुसतं बरं. बापू एवढं कमी कधी लिहीत नाही.

गाल पपईएवढा. दिवसभर पेज.

२१ नोव्हें., शुक्र.

बापू स्वतः शीट घेऊन आला. बसला नाही. शैलाने चिवडा काढला तर "घाई शे वहिनी" म्हणून उभ्याउभ्याच निघाला. चिवड्याला नाही म्हणणारा बापू मी सत्तावीस वर्षांत पाहिलेला नाही. जाताना माझ्याकडे एक नजर टाकली आणि चप्पल घातली.

काय झालं असेल? दाढ दुखत असताना विचार नीट करता येत नाही. शीट उद्या बघेन.

२२ नोव्हें., शनि.

पाहिलं. चार तासांत ट्रॅक्टर अकरा.

अकरा! फाट्यापलीकडे कांद्याचा उपबाजार आहे. मी स्वतः तिथे ट्रॉल्यांमागे अर्धा अर्धा तास अडकलोय. गाडीत शैला, काचेवर कांद्याची टरफलं. आणि हा म्हणतो अकरा.

मनात पाल चुकचुकली. भिंग घेऊन बसलो. खोटी मोजणी ओळखायची माझी पद्धत आहे. घरी बसून भरलेलं शीट एकसारखं असतं. पाव तासाला वीस, एकवीस, वीस, एकोणीस. खरी वाहतूक अशी शिस्तीत येत नाही, ती झुंडीने येते. बापूचे मोटारसायकलींचे आकडे मात्र चढउताराचे, अगदी खरे वाटणारे. पिकअप, टेम्पो, सायकली, तेही बरोबर. पायी जाणारी पोरं तर भरपूर, शाळेच्या वेळेला तर रेघांवर रेघा. फक्त ट्रॅक्टरचा रकाना ओकाबोका.

म्हणजे काय? सगळं खोटं लिहिलं तर पकडलं जाईल म्हणून एकच रकाना खोटा लिहिला. ज्याने सत्तावीस वर्षं माझी तपासणी पाहिली, त्याला माझ्या डोळ्यातून काय सुटतं हे बरोबर माहीत. आणि पोरांनी शीट कितीही भरलं तरी खात्याच्या लेखी वाहनांचा आकडा मोठा. ट्रॅक्टर गेले की कट गेला.

शीटवर चहाचा डाग नाही. धुळीचं बोट नाही. तसा तो नीटनेटका आहेच. पण तरी.

नि. सां.ना फोन केला की मी अजून सही केलेली नाही, थांबा. ते म्हणाले, "अहो, खात्याला घाई होती. बापूंकडून फोटो मागवले आणि कालच पाठवले. कट बंद, आपलं मत गेलं." सचिवाच्या सहीआधी! मंडळाच्या इतिहासात असं झालेलं नाही. दोघांत काहीतरी शिजतंय.

२३ नोव्हें., रवि.

आठवलं! बापूचा जावई. दिवाळीच्या आधी त्याने ढाबा काढला, आम्हाला उद्घाटनाला बोलावलं होतं. कुठे? वडफाट्याच्या पुढे दीड किलोमीटरवर. जिथे यू-टर्न होणार तिथे. कट बंद झाला की अख्खी आडवी वाहतूक जावयाच्या दारात वळणार.

शैलाला सांगितलं. ती पालक निवडत होती. म्हणाली, "बापूभाऊ? तुमच्या अपघाताच्या वेळी दवाखान्यात आठ दिवस फरशीवर झोपलेले बापूभाऊ?" मी म्हटलं, माणूस बदलतो. ती म्हणाली, "हो, दिसतंय." आणि जुडी घेऊन आत गेली.

मला वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. पण आकडा आकडा असतो.

२५ नोव्हें., मंगळ.

स्वतः जाऊन बसलो. कोणाला सांगितलं नाही. आठ ते दहा, दोनच तास.

ट्रॅक्टर एकशे सदतीस. हात दुखला रेघा मारून. एकामागे एक, वळणावर ट्रॉलीची शेपूट मुख्य रस्त्यात. मधून दप्तरवाली पोरं, मोठीने धाकटीचा हात धरलेला. एक ट्रॉली अचानक सरकली तर दोघी मागे सरल्या, परत पुढे झाल्या, हसत होत्या. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, ते नंतर कळलं.

इथे सिग्नल नाही तर मग कुठे हवा?

फाट्यावर ताराबाईंची चहाची टपरी. त्या म्हणाल्या, "परवा बी एक साहेब खुर्ची टाकून बसले व्हते. तुमीबी तेच का?" मी म्हटलं, तेच. जास्त बोललो नाही. साक्षीदाराला आधी काही सांगू नये.

आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. पकडलं.

२९ नोव्हें., शनि.

कार्यकारिणी. आज सात जण. मी दोन्ही शीटं शेजारी शेजारी ठेवली. वीस तारखेचं आणि पंचवीसचं. खोलीत सगळ्यांनी वाकून पाहिलं. मग म्हणालो, "ज्यांच्या जावयाचा ढाबा यू-टर्नवर आहे, त्यांनी याचा खुलासा करावा."

हे वाक्य मी रात्रीच पाठ केलं होतं.

बापूचा चेहरा. तो लिहिता येत नाही. आधी त्याने माझं शीट पाहिलं, मग माझ्याकडे. रागाने नाही. काहीतरी उलगडल्यासारखं. मग म्हणाला, "इलास, मी चोर शे का? तुले इचारता नही येत व्हतं का? एकदा?"

मी म्हटलं, खुलासा कर.

त्याने खिशातून मोजणीचं क्लिकर काढून टेबलावर ठेवलं आणि गेला. खुर्ची नीट आत सरकवून गेला.

नि. सा. म्हणाले, दोन शीटं बाहेर गेली तर मंडळाचंच हसं होईल. पहिलं गेलंय, तेच राहू दे. वर दात दाखवून हसले. मला वाटलं होतं ते बापूची बाजू घेतील. घेतली नाही. उलट मला म्हणाले, "तुमची शंका अगदी रास्त, पण विषय इथेच संपवा." यात काय आहे ते कळत नाही.

३० नोव्हें., रवि.

शैला बोलत नाही. जेवायला वाढते, बोलत नाही. मी विचारलं काय झालं. "काही नाही, माझी पण मोजणी चालू आहे."

२ डिसें., मंगळ.

सकाळी फाट्यावर गेलो, मोबाईलवर ट्रॅक्टरांचे फोटो काढायला. खात्याला पुरावा लागेल. मंडळ नाही तर मी पाठवीन.

ताराबाई चहा गाळत होत्या. मी सहज म्हटलं, बघा, एवढे ट्रॅक्टर, आणि त्या दिवशीच्या साहेबांना अकराच दिसले.

त्या म्हणाल्या, "मंग? त्या दिशी आमुश्या व्हती ना. आमुश्याला लिलाव नसतो. बाजार बंद. मला बी लय गिऱ्हाईक नाय लागत त्या दिशी."

मी म्हटलं, काय?

"आमुश्या हो. तुमच्यात काय कॅलेंडर नाय का? अकरा दिसले तेच लय झाले. ते पण खताचे असतील."

चहा घेतला नाही. तसाच परतलो. ताराबाई मागून ओरडत होत्या, साहेब, कट बंद करनार म्हन्त्यात, मंग पोरांनी काय उडून जायचं का?

दुपारी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वीस नोव्हेंबरच्या चौकोनात काळा गोल. महिनाभर याच कॅलेंडरखाली बसून मी चहा पितोय.

लग्न नाही म्हणून मी तो दिवस निवडला. लग्न का नाही हे एकदाही विचारलं नाही. शैलाच्या बहिणीपर्यंत फोन झाला, पत्रिका चाळल्या, मुहूर्त नाही म्हणून खूश झालो. अमावास्येला मुहूर्त कसा असेल? चाळीस वर्षं वाहतूक मोजणारा माणूस, सुट्ट्यांची यादी तोंडपाठ, आणि बाजार कधी बंद असतो हे ठाऊक नाही. कांदा फक्त भाजीत पाहिलेला.

बापूने खरं मोजलं होतं. अकरा म्हणजे अकराच होते.

शैलाला सांगितलं. ती म्हणाली, "आता उठा आणि जा."

३ डिसें., बुध.

काल गेलो नाही. धीर झाला नाही. आज गेलो. बापू अंगणात कुंड्यांना पाणी घालत होता. नळ बंद केला नाही.

मी म्हटलं, चुकलो. तारीख चुकली, अमावास्या होती, लक्षात आलं नाही. तुझा आकडा बरोबर होता. सगळं एका दमात.

तो म्हणाला, "लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, देवाशपथ.

त्याने पाइप दुसऱ्या कुंडीत धरला. मग जे बोलला ते अहिराणीत बोलला, मी माझ्या भाषेत लिहून ठेवतो. वीस तारखेला सकाळी आठला तो फाट्यावर बसला, ट्रॅक्टर येईनात, तेव्हाच त्याच्या लक्षात आलं. आम्ही सटाण्याची माणसं, म्हणाला, अमावास्या आम्हाला न बघता कळते. मग त्याला वाटलं, तारीख विलासने ठरवली आहे. विलास काहीही न तपासता ठरवत नाही. म्हणजे मुद्दाम ठरवली. निकमांना कट बंद हवाय, विलासचं नाव सल्लागार यादीत आलंय. पटापट जुळलं. आणि नेमकी त्याच दिवशी याची दाढ दुखते!

म्हणून "बरं". म्हणून चिवडा नाही.

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाला बोलू? निकमांना? त्यांनी तुझं नाव काढलं असतं. तुला बोललो असतो तर तू खोटं बोलला असतास, आणि मला ते ऐकायचं नव्हतं." एवढंच म्हणाला. फोटो मागितले तेव्हा दिले. शीटच्या मागे शेरा लिहायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. म्हणाला, तुझ्यासाठी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा अर्धवट शीट दिलं. पंचवीसचं शीट पाहिलं तेव्हा वाटलं, आता सगळं माझ्यावर ढकलून हा मोकळा होतोय.

आणि मी त्याच्यापुढे जावयाचा ढाबा मांडला. सात जणांसमोर.

मी विचारलं, आता तरी पटलं ना की मुद्दाम नव्हतं? त्याने नळ बंद केला. "माहीत नही." आत गेला. दार लावलं नाही, पण बोलावलंही नाही.

घरी येताना रस्ता दिसत नव्हता. गाडी बाजूला घेऊन बसलो. मी निर्दोष आहे हे मला कोणत्या शीटवर दाखवता येईल? असं शीट नाही. आयुष्यभर लोकांकडून पुरावे मागितले, आणि माझ्याकडे एक नाही. हुंदका आला. लिहून ठेवतो, कोण वाचणार आहे.

५ डिसें., शुक्र.

नि. सां.ना फोन. सगळं सांगितलं. म्हणाले, "अमावास्या असो नाहीतर पौर्णिमा, मत गेलंय. सचिवानेच चुकीचा दिवस धरला हे तुम्ही खात्याला लेखी देणार? यादीतून नाव जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. ते म्हणाले, विचार करा. आवाज गोड होता. यांनाही अमावास्या माहीत होती का? विचारलं नाही. एकदा वाटतं हो, एकदा वाटतं नाही. सध्या माझ्या वाटण्यावर माझाच भरवसा नाही.

दुपारी खात्यात. कार्यकारी अभियंता साळवे मॅडम. दोन्ही शीटं दाखवली. "यातलं खरं कोणतं?" म्हटलं, दोन्ही. त्यांनी चष्मा काढला. मग सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांच्या शिपायाला हसू आलं. मॅडमना आलं नाही.

म्हणाल्या, दुभाजकाचे दगड सोमवारी फाट्यावर पडतायत. गुरुवारी, ११ तारखेला, सकाळी अकरापर्यंत नवीन मोजणी आणा, तोवर फाट्यापाशी लावणार नाही. तुमची पंचवीसची चालणार नाही, मोजणारेही तुम्ही आणि तपासणारेही तुम्ही. तुमच्याच मंडळाचा नियम आहे ना? ज्यांनी पहिली केली त्यांचीच नवीन हवी, म्हणजे प्रश्न मिटेल. मोजणाऱ्याची सही, सचिवाची प्रतिस्वाक्षरी. त्यानंतर आलात तर चहा मिळेल, कट मिळणार नाही.

६ डिसें., शनि.

कोरी शीटं, क्लिकर आणि चिठ्ठी पाकिटात घालून बापूकडे. घरी नव्हता, वहिनी होत्या. चिठ्ठीत एवढंच: बुध. १० ला मोजशील का? तिथी पाहिली आहे. फाट्यासाठी मागतोय, माझ्यासाठी नाही.

वहिनींनी पाणी दिलं. विषय काढला नाही. मीही नाही.

८ डिसें., सोम.

उत्तर नाही. फोन लावला, वाजला, उचलला नाही.

दगड पडलेत. फाट्यापासून शंभर पावलांपर्यंत दुभाजक लागलासुद्धा. पोरं त्याच्यावरून चालायची शर्यत लावत होती. ताराबाईंना सांगितलं की काहीतरी चाललंय. त्यांनी मोबाईल नंबर दिला. "काय झालं तं कळवा. आमाला कोन कळवतंय?"

१० डिसें., बुध.

या वेळी मी मोजणीच्या जागी दिसायला नको. घरी बसलो. साडेआठपर्यंत तग धरला, मग ताराबाईंना फोन.

"आलेत ना, तुमचे खुर्चीवाले साहेब. पावणेआठलाच. चहा दिला तं म्हने काम झाल्यावर."

डोळ्यांत पाणीच आलं एकदम. फोन ठेवायचा सोडून मी विचारलं, ट्रॅक्टर बरेच आहेत ना? साहेब लिहितायत ना नीट?

"आता मी काय त्याइच्या वहीत डोकं घालू का? चहा उतू जाईल माझा!"

शैला ऐकत होती. "शोभतं का तुम्हाला?" नाही शोभत. पण खरं ते लिहितो.

बापू शीट आणून देईल तेव्हा त्याला थांबवून चिवडा द्यायचा. तपासताना त्याच्यासमोर तपासायचं की नंतर? समोर तपासलं तर वाईट दिसेल. नंतर तपासलं तरी वाईटच दिसेल. संध्याकाळपर्यंत आला नाही.

११ डिसें., गुरु. सकाळी ९.२०

मी आंघोळीला गेलो असताना बापू येऊन गेला. मुद्दाम ती वेळ साधली असणार. पाकीट शैलाकडे दिलं. फुगलेलं, खाकी, गोंदाने बंद, वरून चिकटपट्टी. पाकिटावर मंडळाचा नेहमीचा फॉर्म स्टेपल केलाय. मोजणी करणार: बापूची सही, ठसठशीत. त्याखाली: तपासले. सचिव. आणि कोरी जागा.

शैला म्हणाली, "निरोप आहे. म्हणाले, सत्तावीस वर्षं माझा प्रत्येक कागद त्याने उलटासुलटा करून पाहिला. हा एक न उघडता सही करून द्यायचा. उघडला तरी मला कळेल, पाकीट बंद आलं का ते मी खात्यात विचारीन. उघडला तर मोजणी घेऊन जा, माझ्या दारात येऊ नको."

"आणखी काही?"

"चिवडा घेतला. उभ्याउभ्याच, पण घेतला."

९.३५

आत काय असेल? शंभर टक्के ट्रॅक्टरच असतील. बापू आहे तो. पण शंभर टक्के होतो तेव्हाच मी त्याला चोर ठरवलं होतं. आता उलट्या बाजूने शंभर टक्के. आत कोरी शीटं असतील तर? साळवे मॅडमसमोर पाकीट फुटणार, मी "तपासले" म्हणून सही केलेली. त्याला वचपा काढायचा असेल तर याहून चांगली संधी नाही. मी त्याच्या जागी असतो तर काढला असता का? कदाचित हो. म्हणूनच सुचतंय.

आणि न तपासता तपासले लिहायचं म्हणजे खोटंच ना? आजवर एक केलं नाही.

समजा रेघा कमी आल्या. समजा त्याने उन्हात बसून चुकून एखादं पान सोडलं. मग कट गेला आणि पोरं त्या दगडांवरून. हे नुसतं त्याचं आणि माझं नाही ना. उघडून बघितलं तर फाटा नक्की वाचतो, बापू नक्की जातो. न उघडता दिलं तर दोन्ही वाचतील, किंवा दोन्ही जातील.

९.५०

शैलाने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. तिला विचारलं, तू काय करशील? म्हणाली, "मी केव्हाच निघाले असते." तिचं सोपं आहे. तिने कधी काही तपासलं नाही, आणि तिचं फारसं चुकलेलंही नाही.

१०.०५

रिक्षा सांगितली. पंचवटीतून खात्यापर्यंत पाऊण तास धरायला हवा, सगळीकडे खोदून ठेवलंय.

पाकीट टेबलावर. पेन उघडं. खिडकीतून ऊन सरळ टेबलावर येतंय. त्या उजेडात पाकीट धरलं तर रेघा दिसतील का, एवढंच बघावं असं मनात आलं. खाकी कागद पातळ आहे. बापूला कळणारही नाही.

धरलं नाही. अजून तरी नाही.

रिक्षावाल्याने खालून हॉर्न दिला.